जाणत्या माणसाकडून शिकायचं म्हणजे नक्की करायचं काय?

बांधावरचा_नवखा | १९ ऑगस्ट, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी तासगाव तालुक्यातला. सात वर्षं पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम केलं. दोन वर्षांपूर्वी वडिलांचे गुडघे गेले आणि दीड एकर द्राक्षबाग माझ्याकडं आली. मित्रांना सांगतो की गळ्यात पडली, पण खरं म्हणजे मीच हट्टानं मागून घेतली. पहिलं वर्ष वडिलांच्या पुण्याईवर निघालं. गेल्या ऑक्टोबरात मात्र छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) फुटले आणि निम्म्या काड्यांवर घडाच्या जागी बाळ्या, म्हणजे नुसते वेलाचे तणावे. द्राक्षातलं कळणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजा, की वर्षभर अभ्यास केला आणि हॉलतिकीटच आलं नाही.

मग एका मित्रानं सांगलीत एका 'यशस्वी व्हा' छाप शिबिराला नेलं. फी ४,९९९ रुपये. एसी हॉल, कोटातला वक्ता, दर दहा मिनिटांनी उभं राहून टाळ्या. दिवसभराचं सार एकच: जे पुढं गेलेत त्यांना गाठा, ते करतात तसं करा, तुम्हीही पुढं जाल. चहाच्या वेळी मी विचारलं, "सर, तुम्ही स्वतः काय करता?" तर म्हणाले, "मी माणसं घडवतो." शेवटच्या तासाला ४५,००० चा पुढचा कोर्स बाहेर काढला.

राग पैशाचा नाही (थोडा आहे). राग याचा, की ते वाक्य खोटंही वाटत नाही. जाणत्याकडून शिकावं हे बरोबरच आहे. पण शिकायचं कसं ते कुणी सांगत नाही. आमच्याच शिवारात एक अण्णा आहेत, सत्तरीचे. गेल्या वीस वर्षांत त्यांची बाग फेल गेलेली गावानं पाहिली नाही. मी तीनदा गेलो. काहीही विचारलं की, "बघ की. दिसतंय की." पुढं तंबाखू मळायला लागतात. मला तर काहीच दिसत नाही.

जाणता माणूस ओळखायचा कसा, आणि ओळखला तरी त्याच्या डोक्यातलं बाहेर काढायचं कसं? कुणाला अनुभव असेल तर लिहा. द्राक्षातलाच पाहिजे असं नाही.

सातारी_कंदी | १९ ऑगस्ट, रात्री १०.५८

४,९९९ मध्ये कंदी पेढे किती किलो आले असते याचा हिशोब केला आणि डोळे भरून आले. बाकी धागा झकास. खुर्ची टाकून बसलोय.

येरळाकाठ | २० ऑगस्ट, सकाळी ६.१५

नवख्या, आधी दिलासा. बाळ्या निघणं ही तुझ्या एकट्याची गोष्ट नाही. माझी तीन सालं त्यात गेलीत.

घड दिसतो ऑक्टोबरात, पण ठरतो उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची पहिली छाटणी) साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्याच्या पोटात घड धरायचा की बाळी, याचा निकाल लागतो. त्या दिवसांत काड्यांची गर्दी झाली, ऊन आतपर्यंत पोचलं नाही, वर नत्र आणि पाणी सढळ हातानं दिलं, की वेल नुसता शेंडा पळवत बसतो. मे-जूनात काय केलंस ते डायरीत बघ. डायरी नसेल तर तिथंच पहिली चूक सापडली.

आता तुझा प्रश्न. जाणत्याकडं फेब्रुवारीत जाऊ नये. घड लोंबत असताना सगळ्याच बागा गोजिऱ्या आणि सगळेच मालक शहाणे. जूनमध्ये जावं. बागेत दाखवण्यासारखं काही नसतं तेव्हा तो माणूस काय करतोय ते बघावं. आणि त्याला त्याच्या वाईट सालाबद्दल विचारावं. खरा जाणता सन सांगतो, ओळ सांगतो, कुठल्या रात्री पाऊस पडला आणि सकाळी डावणी (बुरशीचा रोग) कुठल्या कोपऱ्यात पहिल्यांदा दिसली तेही सांगतो. "आमचं कधी चुकलंच नाही" म्हणणाऱ्याकडं चहा प्यावा आणि उठावं.

आपल्याच तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात निवडली. सोलापूरकडं नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी त्याच थॉमसनमधून सोनाका काढली. दोघंही शेतकरी. वेली सगळ्यांच्याच बागेत हजारानं असतात. त्यातला एखादा बाकीच्यांसारखा नाही हे दिसायला डोळा लागतो. तुझे अण्णा "दिसतंय की" म्हणतात ते तुला टाळण्यासाठी नसावं. त्यांना खरोखरच दिसतंय. तुला दिसत नाही, हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

तर्कट_पाटील | २० ऑगस्ट, सकाळी ९.०३

येरळाकाठ, लिहिलंय छान, पण मी थोडा खडा टाकतो.

'सिद्ध झालेला' म्हणजे कुठं सिद्ध झालेला? माझ्या साडूनं नाशिककडच्या एका नावाजलेल्या बागाईतदाराचं खताचं आणि फवारणीचं शेड्यूल झेरॉक्स करून आणलं. लॅमिनेशन केलं. पंपघरात खिळ्याला टांगलं. तिकडची जमीन हलकी, मुरमाड, पाणी धरून न ठेवणारी. साडूची काळी चिकण, कृष्णाकाठची, एकदा भिजली की आठवडा बूट सोडत नाही. यानं तारखेला तारीख लावून सगळं केलं. वेल इतका माजला की मांडवाखाली उभा राहिलेला माणूस दिसेना. त्या नाशिककरांची यात काडीची चूक नाही. त्यांनी कुठं सांगितलं होतं की माझं उचला म्हणून?

दुसरं असं, की आपण जिंकलेल्यालाच विचारतो. तेच सगळं करून ज्याची बाग गेली तो आज कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर बसलाय. त्याला स्टेजवर कोण बोलावतं? मला तर वाटतं एक गेलेला बागवाला चार अण्णांपेक्षा जास्त शिकवेल.

येरळाकाठ | २० ऑगस्ट, सकाळी ९.४०

पाटील, जमिनीचं एकदम मान्य. म्हणून तर शिवारातलाच अण्णा बरा. गेलेल्या बागवाल्याचं अर्धं मान्य. काय केल्यानं बाग जाते ते तो सांगेल. पण त्यातलं नेमकं कशानं गेली, हे त्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं. तो पावसावर घालतो.

मूस_आणि_टाकणखार | २० ऑगस्ट, रात्री ११.२०

दुकान बंद करून लिहितोय. मी मूळचा आटपाडीकडचा, राहतो त्रिशूरला. खानापूर-आटपाडीकडच्या कुठल्याही गावात जा, घरटी एक माणूस गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) धंद्यात परमुलखात सापडेल. मी त्यातलाच. दहावीला आपटलो आणि चुलत्यानं सोबत आणलं.

पहिलं वर्ष झाडलोट. सराफाच्या दुकानातला केरसुद्धा आमच्यात फेकत नाहीत, त्यात सोनं असतं. तो गोळा करायचा, भट्टीपुढची फरशी झाडायची, चहा आणायचा. काम नुसतं बघून महिन्याभरात पाठ झालं. सोन्याच्या एका भागाला साधारण तीन भाग चांदी घालून ते आधी मुद्दाम हलकं करायचं, मग नायट्रिक ॲसिडात टाकायचं. चांदी-तांबं विरघळून जातं, तळाला सोनं राहतं. दिसायला तपकिरी चिखल, कुणी रस्त्यावर टाकलं तर पाय देऊन जाल. ते धुवायचं, टाकणखार (बोरॅक्स) घालून मुशीत, म्हणजे भट्टीतल्या भांड्यात, वितळवायचं, की पिवळं. आज कुणीही मोबाइलवर बघू शकतो. (घरी करू नका. तो तांबूस धूर छाती खातो, चुलत्याला अजून खोकला आहे.)

पण मूस उतरवायची कधी, हे मला कळेना. चुलता घड्याळ बघत नसे. विचारलं की एकच, "रंग बघ." मला सगळं नारिंगीच दिसायचं. चार वेळा विचारल्यावर शिवी पडली.

मग मी एक खेळ काढला. चुलता उठायच्या आधी मनातल्या मनात म्हणायचं, "आता." तो उठला नाही की माझी हार. कुणाला सांगितलं नाही. सहा-सात महिने हरत होतो. मग एके दिवशी मी "आता" म्हणालो आणि तो खरंच उठला. त्या आठवड्यात चारदा जुळलं. पाचव्यांदा मी तोंडानं बोललो. चुलता वळून बघायला लागला. काही न बोलता सांडशी माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून तो बोलायला लागला आणि मग थांबेचना. तेव्हा कळलं, तो रंग बघतच नव्हता! रसावरचा मळ कडेला सरकतो आणि मधे आरशासारखी जागा उघडी पडते, त्याची नजर तिथं असायची. त्याच्या गुरूनं त्याला "रंग बघ" सांगितलं होतं म्हणून तो मला "रंग बघ" सांगायचा. तोंडात एक आणि डोळ्यात दुसरंच. लबाडी नाही, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

नवखे साहेब, तुम्ही अण्णांना प्रश्न विचारताय. तो बंद करा. आधी आपलं उत्तर काढा, मग त्यांचा हात कुठं जातो ते बघा.

सातारी_कंदी | २० ऑगस्ट, रात्री ११.३१

हे वाचून पेढ्याचा विनोद केल्याची लाज वाटली. दंडवत.

कृष्णामाई_भक्त | २१ ऑगस्ट, सकाळी ७.५०

शेवटी काय, गुरुकृपा. झाडलोट केली म्हणून विद्या मिळाली. आजच्या पोरांना सेवा नको, सगळं दोन मिनिटांत पाहिजे.

तर्कट_पाटील | २१ ऑगस्ट, सकाळी ८.१२

भक्त महाराज, नीट वाचा. झाडलोटीनं नाही मिळाली. झाडताना तो भट्टीकडं बघत होता म्हणून मिळाली. नुसतं झाडून विद्या येत असती तर आमच्या कार्यालयातले शिपाईकाका कलेक्टर झाले असते.

मिरजकर_मावशी | २१ ऑगस्ट, दुपारी २.२६

भांडू नका रे. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

मी तरुणपणी मिरजेत गाणं शिकत होते. माझ्या तानपुऱ्याचा आवाज बसला, म्हणून सतारमेकरांच्या गल्लीत घेऊन गेले. म्हातारे कारागीर होते. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस दोनदाच ओढली, अगदी हलकी, आपण बाळाच्या गालावरून हात फिरवतो तशी. तार छेडली. तारेखालचा सुताचा जीव (दोरा) केसभर पुढं सरकवला, परत छेडली. तानपुरा बोलायला लागला. मी विचारलं, "किती घासायची हे कसं कळतं?" म्हणाले, "एक घास जास्त झाला की कळतं." म्हणजे बिघडवल्यावर! शेजारी त्यांचा नातू भोपळा घासत बसला होता. त्याला म्हणाले, "ऐकलंस का?" त्यानं मान हलवली. मला दोन्ही आवाजांतला फरक कळला होता, पण त्या मुलाला तो फरक कानस ओढायच्या आधी ऐकू येत होता, असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. नंतर मी त्या गल्लीत उगाचच चार-पाच वेळा जाऊन बसले. जवारी काढायला, म्हणजे अशी घोडी घासून आवाज खुलवायला, नाही शिकले. पण माझा स्वतःचा तानपुरा केव्हा उतरायला लागलाय हे तेव्हापासून वेळेत कळतं. एवढं मला पुरे होतं.

विद्या लपवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते. जुन्या काळी चीज (बंदिश) सहजासहजी देत नसत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी मिळवायला काय हाल सोसले हे आमच्याकडं गाणाऱ्या घरांत अजून सांगतात. त्यांच्याकडं मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. तेही असंच, वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राहून. पण त्याच पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि फी भरून कुणालाही गाणं शिकता येईल अशी सोय केली. मला नेहमी वाटतं, ज्यानं दारात उभं राहण्याचा त्रास भोगला त्यानंच दार उघडलं. आता दार उघडल्यावर गाणं तितकंच खोल राहिलं का, यावर आमच्या घरात चाळीस वर्षं वाद चालू आहे, तो इथं नको.

अभ्यासू_बोका | २१ ऑगस्ट, सायंकाळी ६.०५

यावर संशोधनही आहे. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये लेख प्रसिद्ध केला. त्यातूनच पुढं 'दहा हजार तास' हे प्रकरण लोकांच्या तोंडी झालं. एरिक्सन यांचं म्हणणं मात्र तेवढं सोपं नव्हतं. नुसते तास मोजून उपयोग नाही. जे जमत नाही तेवढंच काढून त्यावर घासायचं, आणि चुकलं की लगेच कळलं पाहिजे. मुशीवाल्या दादांनी मनात "आता" म्हणण्याचा जो खेळ केला तो हाच.

मूस_आणि_टाकणखार | २१ ऑगस्ट, रात्री ११.४४

बर्लिनपर्यंत पोचलो म्हणायचं. चुलत्याला सांगतो.

गोळेश्वरचा_पाव्हणा | २२ ऑगस्ट, दुपारी १२.३०

कराडकर असून गप्प बसणं शक्य नाही. आमच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ ला लंडनला सहावे आले. तांबड्या मातीतला पैलवान, तिथं मॅट नवीन आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवीन. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लानं त्यांना त्या वेळी तयार केलं. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आता बघा, कुस्ती त्यांना गार्डनरनं शिकवली नाही. ती घरातून, तालमीतून आलेली. कमी पडत होतं ते मॅटवरचं, आणि तेवढंच त्या माणसाकडून घेतलं. आणि जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. त्यांना कुस्तीतला एक डाव तरी येत होता का कोण जाणे. पण पुढं जायला अशी माणसंही लागतात, ती कुठल्या शिबिरात भेटत नाहीत.

दुसरं उदाहरण ताजं आहे. ऑगस्ट २०२३, बर्लिन (बोकेभाऊ, परत बर्लिन). धनुर्विद्येच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती. त्याच दिवशी पुरुषांत ओजस देवतळे. ओजस नागपूरचा, पण शिकायला साताऱ्याला आलेला. दोघांचे प्रशिक्षक एकच, प्रवीण सावंत. नागपूरचं पोरगं साताऱ्याला येतं आणि आपण ४,९९९ भरून टाळ्या वाजवतो.

सातारी_कंदी | २२ ऑगस्ट, दुपारी १२.४१

सातारा असाच असतोय. +१००

कवठ्याची_सून | २२ ऑगस्ट, रात्री ९.१५

सगळं वाचलं. सगळ्यांचे जाणते पुरुषच आहेत आणि मालकच आहेत, म्हणून माझं लिहिते.

आमचा बेदाण्याचा शेड आहे, कवठेमहांकाळकडं. लग्न होऊन आले तेव्हा मला शिकायचं होतं. मोठ्या शेडवाल्यांकडं आम्ही दोघं गेलो. ते माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मालकांकडं बघून द्यायचे. दोन ठिकाणी असं झाल्यावर मी जायचंच सोडलं.

शिकले कुणाकडून? आमच्याच शेडवर कामाला येणाऱ्या एका मावशींकडून. लिटरला पंधरा मिली डिपिंग ऑइल आणि पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, दोन ते चार मिनिटं बुडवायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण घड बाहेर कधी काढायचा हे मावशी मण्याला बोटानं हात लावून सांगायच्या. मण्यावरची लव उतरली की तो बोटाला वेगळा लागतो. लव म्हणजे ती पांढरट साय. औषध जुनं झालं की ती नीट उतरत नाही आणि बेदाणा सुकायला जास्त दिवस घेतो, रंगही मार खातो. हे मालकाला पंधरा दिवसांनी कळतं, मावशींना त्याच मिनिटाला. तेवीस वर्षं त्या हे करत होत्या आणि त्यांना कुणी एकदाही विचारलं नव्हतं. मी विचारल्यावर आधी घाबरल्या. त्यांना वाटलं चूक काढतेय.

चार किलो द्राक्षाचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. एक बॅच बिघडली तर काय जातं ते शेडवाल्यांना माहीत आहे. पहिल्याच वर्षी आमचा माल एका प्रतीनं वर गेला. मावशींची मजुरी मी त्या वर्षी वाढवली. सासरे रागावले होते. नंतर नाही रागावले.

नवखे भाऊ, अण्णांच्या बागेत छाटणीला टोळी कुठली येते ते आधी बघा. कात्री कुणाच्या हातात असते? आणि अण्णांकडं रिकाम्या हातानं जाऊ नका. मिठाईचा बॉक्स नको. तुमच्या बागेतली काडी न्या. माणूस आपल्याबद्दल बोलायला कंटाळतो, पण दुसऱ्याच्या मालातली खोट दाखवायला कधीच नाही.

तर्कट_पाटील | २२ ऑगस्ट, रात्री ९.३३

शेवटच्या वाक्याचा मी जिवंत पुरावा आहे. ताई, साष्टांग.

बांधावरचा_नवखा | २४ ऑगस्ट, रात्री १०.१०

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. घरी वडिलांना मुशीवाल्या दादांचं मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मीपण तुला असंच 'बघ' म्हणायचो की." मग बराच वेळ गप्प बसले.

डायरी नाहीये. येरळाकाठ काका, पकडलंत. मोबाइलमधले फोटो तारखेप्रमाणे लावून बघितले. जूनमधले सगळे हिरवेगार. मी तेव्हा स्टेटसला टाकले होते, "बाग जोमात". शेंडा पळत होता आणि मी खूष होतो.

उद्या काड्या घेऊन जातो.

येरळाकाठ | २४ ऑगस्ट, रात्री १०.३५

सकाळी लवकर जा. दहानंतर म्हातारी माणसं उत्तर देत नाहीत.

बांधावरचा_नवखा | ३१ ऑगस्ट, रात्री ९.२०

गेलो होतो. दहा काड्या नेल्या, कट्ट्यावर ठेवल्या आणि काहीच विचारलं नाही. अण्णांनी पाच मिनिटं तंबाखू मळली. मग एक उचलली, फिरवली आणि बाजूला टाकली. दुसरी तशीच. तिसरी खिशातल्या चाकूनं मधोमध कापून माझ्या तोंडासमोर धरली. "आतलं हिरवं हाय अजून. ही काय घड देणार तुला?" बाकीच्या काड्यांत आतला गाभा तपकिरी होता. दोन वर्षं मी काडी फक्त बाहेरून बघत होतो!

मग मला म्हणाले, "उरलेल्यातली चांगली कुठली, तू सांग." मी जाड जाड चार काढल्या. ते हसले. त्यांनी काढलेल्या पेन्सिलीएवढ्या. सबकेनच्या (शेंडा खुडल्यावर पुढं फुटलेल्या काडीच्या) गाठीपाशी बोट ठेवून म्हणाले, "डोळा हितला बघायचा. टपोरा हाय का चपटा ते बघ." मी बघितलं. खोटं कशाला बोलू, दोन्ही सारखेच दिसले.

निघताना म्हणाले, "आठ दिवसानं आणखी आण. पण आणायच्या आधी तुझं काय ते कागदावर लिहून आण."

मूस_आणि_टाकणखार | ३१ ऑगस्ट, रात्री ११.५०

कागदावर! मला चुलत्यापेक्षा अण्णा परवडले असते.

अभ्यासू_बोका | १ सप्टेंबर, सकाळी ८.००

प्रयोगशाळेत डोळे तपासून मिळतात ना? सूक्ष्मदर्शकाखाली थेट घड दिसतो. मग अण्णांच्या डोळ्यांवर कशाला विसंबायचं?

येरळाकाठ | १ सप्टेंबर, सकाळी ८.४५

तपासून घ्यायचंच. कोण नको म्हणतंय? पण लॅबला पंधरा-वीस काड्या जातात आणि बागेत काड्या हजारानं. छाटणीच्या दिवशी प्रत्येक काडीवर कात्री कुठं लावायची हे तिथंच उभं राहून ठरवावं लागतं. नवख्या, दोन्ही कर. लॅबचा रिपोर्ट अण्णांच्या उत्तराशी ताडून बघ, आणि तुझ्या उत्तराशीपण.

तर्कट_पाटील | १ सप्टेंबर, सकाळी ९.१०

येरळाकाठ, मला हे आवडलं. म्हणजे अण्णांचीही परीक्षा.

कृष्णामाई_भक्त | १ सप्टेंबर, सकाळी ९.२२

गुरूची परीक्षा घेऊ नये.

मिरजकर_मावशी | १ सप्टेंबर, दुपारी १.४०

घ्यावी. आमच्या बुवांना शिष्यानं चूक दाखवली की ते तानपुरा खाली ठेवून खळखळून हसायचे. मग दोन दिवस बोलायचे नाहीत, ते सोडा.

बांधावरचा_नवखा | ८ ऑक्टोबर, रात्री १०.५५

उशिरा लिहितोय, माफ करा. कामातून डोकं वर निघालं नाही.

पाच रविवार झाले. दर वेळी दहा काड्या आणि माझा कागद. पहिल्या वेळी दहात तीन बरोबर, दुसऱ्या वेळी दोन (मागं गेलो), मग पाच, पाच, सात. लॅबचा रिपोर्ट आला तो अण्णांना दाखवला. एका काडीत अण्णांचं चुकलं होतं. चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "ही काडी उत्तरेच्या कडंची असंल." होती खरंच कडेच्या ओळीतली. हे त्यांनी रिपोर्ट बघून ओळखलं की जुळवून घेतलं, मला सांगता येत नाही. पाटील, तुमच्यासाठी हे लिहितोय.

कवठ्याच्या ताई, तुमचंही केलं. अण्णांच्या टोळीत एक काका आहेत, कात्री धरायची पद्धतच वेगळी. तिरका काप देतात, डोळ्याच्या वर बोटभर सोडून. विचारलं तर म्हणाले, "अण्णांना विचार." अण्णांना विचारलं तर म्हणाले, "त्यालाच विचार, मला त्यानं शिकवलंय." चाळीस वर्षांपूर्वी म्हणे.

शिबिरवाल्यांचा परवा फोन आला होता. ४५,००० चा कोर्स दिवाळी ऑफरमध्ये २९,९९९.

उद्या सकाळी सातला छाटणी. काका आणि त्यांची माणसं येणार आहेत. अण्णांना बोलावलंय, ते म्हणाले, "येतो, पण पहिली वळ तू एकट्यानं छाट. मी बांधावर बसतो. मधे बोलायचो नाही." रिपोर्टप्रमाणे सबकेनच्या गाठीपुढं एक-दोन डोळे ठेवायचे आहेत. कागदावर नीट आहे सगळं. तरी पोटात गोळा आलाय. मघाशी अंधारात बॅटरी घेऊन पहिल्या ओळीत फिरून आलो.

येरळाकाठ | ८ ऑक्टोबर, रात्री ११.०२

झोप आता. कात्रीला धार लावलीस का?

बांधावरचा_नवखा | ८ ऑक्टोबर, रात्री ११.०४

वडिलांनी लावली. मघापासून तेच बसलेत कानस घेऊन.